जोडगाडीचा कैवार

मोटारींच्या लघुप्रतिकृती करणाऱ्या मंडळींत एक जुना तंटा आहे, आणि तो वरकरणी क्षुल्लक वाटला तरी त्याच्या मुळाशी कारागिरीविषयीच्या दोन परस्परविरोधी धारणा असल्यामुळे, ज्यांनी आयुष्यात कधी प्लास्टिकचा एक तुकडा दुसऱ्यास चिकटवला नाही अशा वाचकांनीही त्यात लक्ष घालावे असे मला वाटते. एका पक्षाचे म्हणणे असे की, कारखान्याने खोक्यात जो संच घालून दिला तो सूचनापत्रकाबरहुकूम, एकही भाग इकडचा तिकडे न करता, निर्दोष जोडून दाखवावा. दुसरा पक्ष दोन निरनिराळे संच विकत घेतो आणि एकाचे कवच व दुसऱ्याचा सांगाडा घेऊन, कोणत्याही खोक्यावर जिचे चित्र नाही अशी तिसरीच गाडी, म्हणजे जोडगाडी, निर्माण करतो. दोन चांगल्या संचांची ही नासाडी होय, अशी पहिल्या पक्षाची फिर्याद आहे. दोन वस्तू खर्ची पडल्या, एक जमा झाली, सबब एक बुडाली, असा हा निव्वळ कारकुनी जमाखर्च असून मला तो मुळीच मान्य नाही.

हा छंद ज्या भूमीत फोफावला त्या अमेरिकेतली वहिवाटही या फिर्यादीस अनुकूल नाही. मिशिगन राज्यातील एएमटी ही कंपनी आरंभी मोटारविक्रेत्यांच्या दुकानांसाठी तयार प्रतिकृती पुरवीत असे; तिने १९५८ साली १/२५ प्रमाणाचे जे संच बाजारात आणले, त्यांच्या एकेका खोक्यात गाडी तीन प्रकारांनी जोडण्याची सामग्री होती: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, आणि मालकाच्या हौसेप्रमाणे पालटलेली. म्हणजे निवडीची मुभा खुद्द उत्पादकानेच दिली होती, आणि त्याने ती कॅलिफोर्नियातील गॅरेजांकडून उचलली होती. १९३२ च्या फोर्डच्या हलक्या देहात शेवरोलेचे १९५५ साली निघालेले आटोपशीर व्ही-एट इंजिन बसवणे हा तेथील हौशी तरुणांचा जणू कुलाचार. आणि तेथेच गाड्यांचे रूप पालटून देणाऱ्या बॅरिस बंधूंनी तर १९५१ च्या मर्क्युरीचे छत कापून खाली आणले, तिच्या अंगावर ब्यूकची चकचकीत पट्टी चढवली, आणि ‘हिरोहाता मर्क’ या नावाने प्रसिद्ध झालेली ती गाडी २०१७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाली. आता अशा गाडीची प्रतिकृती ज्याला करावयाची आहे, त्याने एकाच खोक्याशी एकनिष्ठ राहून ती कशी करावी? मूळ वस्तूच जेथे अनेक गाड्यांच्या अंशांनी सिद्ध झालेली आहे, तेथे दोन संच मोडणे हीच खरी प्रामाणिकता ठरते.

परंतु या कामाची खरी गोडी इतिहासात नाही, ती मापात आहे. बाजारात मोटारींचे संच मुख्यत्वे दोन प्रमाणांत मिळतात, १/२४ आणि १/२५. कागदावर हा फरक इतका नगण्य दिसतो की नवशिका बेधडक एकाचे कवच दुसऱ्याच्या सांगाड्यावर ठेवतो. १९३२ च्या फोर्डच्या पुढील व मागील आसांमधले अंतर १०६ इंच. ते १/२५ मध्ये सुमारे १०८ मिलिमीटर भरते, तर १/२४ मध्ये ११२, आणि या चार-साडेचार मिलिमीटरांच्या तफावतीमुळे मागचे चाक चाकाच्या कमानीच्या मध्यभागी न येता एका कडेला जाऊन टेकते. अशा वेळी सांगाडा नेमका कोठे कापावा म्हणजे गिअरपेटीचे स्थान ढळणार नाही, याचा निर्णय कोणतेही सूचनापत्रक देत नाही.

छत खाली आणण्याचे काम तर याहून बिकट. खऱ्या गाडीत चार इंच कापणे म्हणजे येथे चार मिलिमीटर. खांबांतून तेवढी पट्टी काढली की काम संपले असे वाटते, परंतु मर्क्युरीचे खांब वर जाताना आत झुकत असल्यामुळे खाली उतरलेले छत आपल्याच खांबांच्या बुडख्यांना आखूड पडते, आणि मग ते आडवे कापून मध्ये नवी पट्टी भरावी लागते. तेवढे होते न होते तोच मागच्या काचेचा कोन बिघडलेला आढळतो. यासाठी वापरला जाणारा गोंद पॉलिस्टायरिनचे पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, हे खरे. पण सांधा पुरता वाळण्याआधी त्यावर लांबी भरून कानस चालवली, तर सांधा पुढे आकसतो आणि रंगाच्या शेवटच्या चकाकत्या थराखालून त्याची रेघ निर्लज्जपणे डोके वर काढते. दोन मोटारींच्या रचनेचा अभ्यास केल्यावाचून हे काम तडीस जात नाही, आणि एक संच निमूटपणे जोडणाऱ्यावर तो अभ्यास करण्याची पाळीच येत नाही.

आपल्याकडचाही एक दाखला येथे अप्रस्तुत होणार नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने १९८५ साली ‘११८ एनई’ ही गाडी काढली, तेव्हा तिचे कवच फियाट १२४ चे होते आणि इंजिन निसानचे. इटलीच्या देहात जपानचे काळीज घालण्याच्या त्या उद्योगास कोणी मोडतोड म्हटले नाही. मग तेच काम टेबलावर, वीतभर मापात केले म्हणजे ते पाप का व्हावे?

तथापि प्रत्येक जोडगाडीस मी निर्दोष सोडणार नाही. ज्या गाडीचे इंजिन बॉनेटखाली मावत नाही, जिचा धुराडा स्टिअरिंगच्या दांड्यातून आरपार जातो, जिची पुढची चाके वळवली तर मडगार्डला घासतील, ती गाडी कितीही देखणी असली तरी सुट्या भागांचा ढीगच समजावी. ही गाडी खऱ्या मापात बांधली तर रस्त्यावर चालेल काय, एवढा एकच प्रश्न परीक्षकाने विचारावा. शिवाय साठीच्या दशकातील काही संचांचे साचे दरसाल पुढच्या वर्षीच्या मोटारीसाठी कोरून बदलले गेल्यामुळे ते संच जसेच्या तसे पुन्हा निघणे अशक्य आहे. असा न उघडलेला संच कोणी करवतीखाली घेत असेल, तर मी खुशाल पहिल्या पक्षाच्या बाजूने साक्ष देईन.

एरवी नासाडीचा आरोप टिकत नाही. दोन संचांतून एक गाडी निघाल्यावर एक इंजिन, आठ-दहा चाके, बंपरांची एक जोडी हाताशी उरतेच, आणि अनुभवी माणूस ती जपून ठेवून तिसऱ्या गाडीची तजवीज करतो. म्हणून ज्यांच्या घरी या छंदाचा जाणता मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांना माझी विनंती अशी की, पहिला संच पत्रकाप्रमाणे नीट जोडून झाला म्हणजे दुसरा संच आणताना सोबत बारीक दात्यांची करवत व मिलिमीटर दाखवणारी चांगली मापपट्टीही आणावी, आणि पत्रक बाजूस ठेवण्यास हरकत घेऊ नये.