एकदां जमलें म्हणजे झालें काय?

गेल्या गणेशोत्सवांत आमच्या घरीं सारी मंडळी जमली होती. दुपारीं पानें उठल्यावर माजघरांत गोष्टी निघाल्या, आणि आमचे वडील बंधु अण्णा यांनीं धाकट्या बंधूच्या चिरंजीवांस सर्वांदेखत प्रश्न केला, "काय रे, बारा वर्षें त्या प्रयोगशाळेंत काढलींस, नवें असें काय शोधून काढलेंस?" चिरंजीव दक्षिणेंतील एका प्रयोगशाळेंत कार्बनतंतूंवर काम करतात. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "मोठे काका, पूर्वीं आमच्या दहा रिळांपैकीं सहा चांगलीं उतरत, आतां नऊ उतरतात." सारें माजघर हंसलें. मीही हंसलों. पस्तीस वर्षें मुलांस शिकविलेला मनुष्य मी. निदान मीं तरी हंसावयास नको होतें. रात्रीं चिरंजीवांस जवळ बसवून तो विषय समजून घेतला, पुढें कांहीं पुस्तकें चाळलीं, तेव्हां आमचें हंसणें किती अडाणीपणाचें होतें तें ध्यानांत आलें.

आपल्या घरांतील मुलांचे कृत्रिम लोकरीचे स्वेटर बहुधा ॲक्रिलिकचे असतात. त्याच जातीच्या द्रव्याचें पांढरें सूत काढून तें प्रथम २०० ते ३०० अंशांच्या उष्ण हवेंत भाजतात. सूत पिवळें पडतें, तपकिरी होतें व शेवटीं काळें होतें. मग तें नत्रवायूंत हजार अंशांहूनही अधिक तापवितात. तेथें प्राणवायु नसल्यामुळें त्याची राख होत नाहीं; इतर द्रव्यें वायुरूपानें निघून जातात, सुमारें निम्में वजन उडतें, आणि मागें राहतो तो बहुतांशीं कार्बन. असा एक तंतु मिलिमीटरच्या सात सहस्रांशांइतका बारीक असतो. तीन हजार, सहा हजार, बारा हजार तंतूंची एक दोरी होते व ती राळेंत बसवून हवा तो आकार देतात. पोलाद त्याच्या चौपटीहून अधिक जड. पण समान वजनाचे दोन्ही घेऊन ओढून पाहिले तर पोलाद आधीं तुटतें.

वाचतांना हें सोपें वाटतें. पाकक्रियेच्या पुस्तकांतील अनारसेही वाचतांना सोपेच वाटतात! भाजतांना सूत आक्रसूं पाहतें; त्यास ताणून धरलें नाहीं तर आंतील रचना विस्कटते व तंतु दुबळा होतो. फार ताणलें तर तुटतें. शिवाय भाजतांना सूत स्वतःच उष्णता सोडतें, म्हणून घाई केली कीं तें पेट घेतें. मूळ द्रवांत डोळ्यांस न दिसणारा कचऱ्याचा कण राहिला, तर नेमका तेथेंच तंतु तुटतो. चिरंजीवांचीं बारा वर्षें या ताण, ताप आणि वेग यांच्या जमाखर्चांत गेलीं आहेत.

आम्हां संस्कृत शिकलेल्यांस घुणाक्षरन्याय ठाऊक असतो. किडा लांकूड कोरीत जातो आणि त्या रेषांत एखादें अक्षर आपोआप उमटतें. म्हणून किड्यास लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. प्रयोगशाळेंत एकदां साधलेली गोष्ट कितीही खरी असली, तरी कारखानदाराच्या दृष्टीनें ती घुणाक्षरच होय. त्यास तेंच अक्षर दररोज, त्याच वळणाचें हवें असतें. भाताच्या एका शितावरून भांड्याची परीक्षा करणारा स्थालीपुलाकन्यायही येथें चालत नाहीं. कारण शेजारचें शीत कच्चें निघालें तर विमान पडतें.

याचा दाखला इंग्लंडांत घडला. तंतूंचें बीज तसें जुनें. एडिसननें १८८० मध्यें विजेच्या दिव्यासाठीं बांबूच्या काड्यांचा कोळसा केलाच होता. पण ॲक्रिलिकपासून कार्बनतंतु करण्याची वाट १९६० च्या सुमारास ओसाका येथील सरकारी संशोधनसंस्थेंत अकिओ शिंदो यांनीं दाखविली, आणि थोड्याच वर्षांत इंग्लंडांतील फार्नबरो येथें विल्यम वॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सूत ताणून धरण्याची युक्ति साधून तो फार ताठ केला. रोल्सरॉइस कंपनीस मोह पडला. १९६८ मध्यें तिनें अमेरिकेंतील लॉकहीड कंपनीच्या नव्या विमानासाठीं एंजिनें देण्याचा करार केला व त्यांच्या पुढच्या मोठ्या पंख्याचीं पातीं कार्बनतंतूंचीं करण्याचें योजिलें. पातें हलकें, म्हणून एंजिन हलकें, असा हिशेब.

एंजिनाची एक परीक्षा अशी असते कीं, फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी तोफेंतून सोडतात. आम्हां शाकाहारी मंडळींस हें वर्णन रुचणार नाहीं, पण आकाशांत पक्षी आडवे येतातच. १९७० मध्यें ही परीक्षा झाली आणि पात्याचे तुकडे झाले. तंतु लांबीच्या दिशेनें बळकट. आडव्या आघातापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं. शेवटीं टिटॅनियम धातूचीं पातीं बसवावीं लागलीं. इतर खर्चही हाताबाहेर गेलेलाच होता, सारा दोष पात्यांचा नव्हे. पण ४ फेब्रुवारी १९७१ रोजीं रोल्सरॉइससारख्या नामांकित कंपनीचें दिवाळें वाजलें व सरकारास ती ताब्यांत घ्यावी लागली.

त्याच वर्षीं जपानांतील तोरे कंपनीनें कार्बनतंतूंचें उत्पादन सुरू केलें. विमानवाले तेव्हां फारसे घेणार नव्हते. मग हा माल गेला कोठें? मासे धरण्याच्या गळकाठ्यांत आणि गोल्फ खेळण्याच्या दांड्यांत! मला हा भाग सर्वांत मननीय वाटतो. गळकाठी मोडली तर मासा सुटतो, माणूस मरत नाहीं. अशा हलक्या कामावर कारखान्याचा हात बसत गेला, वर्षांमागून वर्षें रीळ सारखें उतरूं लागलें. १९९५ मध्यें जनरल इलेक्ट्रिक कंपनीचें जें प्रचंड एंजिन बोइंगच्या विमानावर प्रवाशांच्या सेवेंत आलें, त्याचीं पंख्याचीं पातीं कार्बनतंतूंचींच होतीं. राळ अधिक चिवट केलेली आणि आघात सोसणाऱ्या कडेस टिटॅनियमची पट्टी! म्हणजे इंग्रजांची कल्पना खोटी नव्हती. तिला पंचवीस वर्षें हवीं होतीं. २०११ मध्यें प्रवासी नेऊं लागलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचें तर निम्में वजन अशाच संमिश्र द्रव्यांचें आहे, आणि त्यांतील तंतु तोरेचा.

या पंचवीस वर्षांत त्या त्या प्रयोगशाळांतून किती घरच्या अण्णांनीं हाच प्रश्न विचारला असेल! सहांचीं नऊ रिळें करणाऱ्याचें नांव कोठें छापून येत नाहीं, हें खरें. पण आपल्या घरांतून परीक्षेच्या गुणांची जितकी चौकशी होते, तितकी नोकरीला लागलेल्या मुलाच्या कामाची होत नाहीं. पगार कळला कीं आपलें कुतूहल संपतें. मी स्वतःस यांतून वगळीत नाहीं.

हें सारें मीं अण्णांस वाचून दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. परवां मात्र त्यांनीं आपण होऊन चिरंजीवांस फोन लावविला आणि विचारलें, "दहावें रीळ कां बिघडतें रे?" चिरंजीव म्हणाले, "बहुधा मूळ द्रवांतल्या कचऱ्यामुळें, मोठे काका. येत्या महिन्यांत गाळणी बदलून पाहणार आहोंत."