चाल कुणाची, गळा कुणाचा
कान देऊन : कानसेन

निन्टेंडोच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या खेळात मारिओ, सोनिक, पॅक-मॅन आणि ‘स्ट्रीट फायटर’मधला र्‍यू एकाच मैदानात एकमेकांना बदडतात. माझे अंगठे त्या ठोसाठोशीला साथ देत नाहीत. मी ऐकतो ते मागचं संगीत. २०१८ साली हा खेळ आला तोच आठशेहून अधिक धुना घेऊन. कोजी कोंडोनं १९८५ साली मारिओसाठी जेमतेम पाच स्वरवाहिन्यांच्या चिपवर बसवलेली धून इथे नव्या वाद्यमेळात येते, आणि नावातच मूळ खेळाचा उल्लेख असतो.

जुन्या धुनांना हात लावला म्हणून कुरकुरणारे चाहते जगभर आहेत. सांगलीकरानं तरी त्यांच्यात जाऊन बसू नये. आपलं अख्खं नाट्यसंगीत उचललेल्या चालींवर उभं आहे. ‘सौभद्र’साठी (१८८२) अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी पदं, लावण्या, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या मोकळ्या मनानं घेतल्या. छापील नाटकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असत. चोरीचा मामलाच नव्हता. पुढे सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, तेव्हा पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याचं अंग मराठी पदांत आलं.

दोन कंपन्यांची पात्रं एका मैदानात उतरवण्याचं अप्रूपही आपल्याला नको. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत, टिळक स्वराज्य फंडासाठी, ‘संयुक्त मानापमान’ झालं. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी, ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले धैर्यधर. एकाचा गळा आर्जवी, दुसऱ्याचा चढा आणि धारदार. प्रेक्षक कथा बघायला आलेच नव्हते. ती पाठ होती. ओळखीच्या पदाचं समोरासमोर काय होतं, हे त्यांना ऐकायचं होतं. केशवराव त्याच ऑक्टोबरात गेले.

२०२५ साली सुबोध भावे यांचा ‘संगीत मानापमान’ चित्रपट आला. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. ‘जुनं ते जुनंच’ म्हणत नाकं मुरडणारे तेव्हा बरेच भेटले. माझा प्रश्न निराळा असतो: चाल बदलली ती कुणासाठी, कुठल्या कामासाठी? ‘स्मॅश’मधल्या चांगल्या मांडण्या या प्रश्नाला पुरून उरतात. शांत गावात रेंगाळणारी धून लढाईला घ्यायची तर तिला वेग लागतो, आणि सामना कधी संपेल हे ठाऊक नसल्यानं ती संपताच न तुटता पुन्हा सुरू होऊ शकेल अशी बांधावी लागते. बदल हौसेपोटी होत नाही.

माझी तक्रार आहे ती इथेच. गंधर्वांचं नाटक पहाटेपर्यंत लांबायचं ते ‘वन्समोअर’मुळे, आणि तेच पद फिरून घेताना नवी जागा निघायची. ती ऐकण्यासाठीच तर लोक ओरडायचे. खेळातली धून मात्र वळसा घालून येते ती जशीच्या तशी. मैदानात मारिओ हरत असो वा जिंकत, तिला पत्ता नसतो. इतके संगीतकार हाताशी असताना निदान दुसऱ्या वळशाला एखादं वाद्य बदलायला काय हरकत होती?