हार्ड डिस्क किती जीबीची?

नवीन कॉम्प्युटर घेताना आपण सगळ्यात आधी काय विचारतो? "हार्ड डिस्क किती जीबीची?" होस्टेलच्या रूमवर पिक्चर साठवायचे असतील तर हा प्रश्न ठीक आहे. पण ज्या मशीनवर डेटाबेस चालणार आहे तिथे हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं मत आहे. हे मत मी पुस्तकात वाचलेलं नाही, स्वतःच्या चुकीतून झालंय. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी मागते!)

माझे काका पिंप्राळ्यातल्या एका छोट्या पतसंस्थेत कॅशियर आहेत. संस्थेचा जुना सर्व्हर बदलायचा होता. डीलरने दोन कोटेशन्स दिली. पहिल्यात १ टीबीच्या तीन हार्ड डिस्क 'रेड ५' पद्धतीने जोडून, म्हणजे वापरायला २ टीबी. दुसऱ्यात ४८० जीबीच्या दोन सर्व्हरवाल्या एसएसडी, एकमेकींची कॉपी ठेवणाऱ्या. दुसरं थोडं महाग होतं. काकांनी मला होस्टेलवर फोन केला, "पोरी, तू कॉम्प्युटरवाली, तूच सांग कोणतं घेऊ. हे टीबी-बीबी ऐकूनच मला खोकला येतो!"

मी व्हायव्हाला पाठ केलेलं उत्तर दिलं, "काका, रेड ५ घ्या. एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही, आणि जागा चौपट मिळते." संस्थेचा सगळा डेटा किती आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही. तो होता जेमतेम १८ जीबी!

मग मार्चएंड आला. रात्री सुमारे ४० हजार खात्यांवर व्याज जमा करायचं होतं. जुन्या सर्व्हरवर एकुलती एक डिस्क होती, तिथे हे काम दीड तासात व्हायचं. नवीन सर्व्हरला दोन तास होऊन गेले तरी संपेना. सगळा स्टाफ ताटकळत बसलेला, मॅनेजर सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "तुमच्या इंजिनिअर पुतणीने निवडलंय ना हे?" काका मला काही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

असं का झालं? गणित अगदी सोपं आहे.

साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद धरा. हेडला योग्य ट्रॅकवर जायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण १३. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेली कामं असतील तर एक डिस्क सेकंदाला साधारण ७५ कामं करते. बस्स! ती २५० जीबीची असो की ४ टीबीची. अनेक डेटाबेस ८ केबीच्या पानांत वाचतात-लिहितात, म्हणजे सेकंदाला फक्त ६०० केबी. हीच डिस्क सलग लिहायला दिली तर सेकंदाला १०० एमबीच्या वर जाते. डीलरच्या पत्रकात छापलेला असतो तो हा दुसरा आकडा. पतसंस्थेचं काम मात्र पहिल्या प्रकारचं, एक खातं इथे, दुसरं तिथे.

लहानपणी पिंप्राळ्याच्या रेल्वे गेटवर आपल्यापैकी बरेच जण थांबले असतील. गेट बंद असताना रस्ता दुप्पट रुंद केला तर काय होईल? जास्त रिक्षा उभ्या राहतील, एवढंच. डिस्कचे जीबी म्हणजे तो रस्ता. आपल्याला मोजायचं असतं ते गेट.

आता रेड ५. ही कल्पना बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ च्या पेपरात मांडली. एक महाग मोठी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडा, असं त्यांचं म्हणणं होतं. रेड ५ मध्ये डेटासोबत पॅरिटी लिहिली जाते, म्हणजे असा हिशेब की एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरून तिचा डेटा काढता येतो. छान आहे. पण एक छोटासा बदल लिहायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाची चार कामं! ही गोष्ट त्या मूळ पेपरातच आहे. आपण व्हायव्हासाठी तेवढीच सोडून देतो.

काकांच्या सर्व्हरमध्ये तीन डिस्क, प्रत्येकी ७५, म्हणजे २२५. भागिले ४, म्हणजे सेकंदाला ५६ राइट्स. जुनी एकटी डिस्क ७५ करत होती! एका खात्यामागे खातेवही, शिल्लक, इंडेक्स, लॉग मिळून दहा राइट्स धरले तर ४० हजार खात्यांचे ४ लाख. जुन्यावर दीड तास, नव्यावर दोन तास. पैसे खर्च करून आम्ही स्लो मशीन विकत घेतलं होतं.

शेवटी आमच्या लॅबमधल्या सरांनी मार्ग सुचवला. आणखी एक डिस्क घेतली आणि चार डिस्क 'रेड १०' मध्ये लावल्या, म्हणजे दोन-दोनच्या जोड्या, जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तोच डेटा. इथे एका राइटची फक्त दोन कामं होतात. ३०० भागिले २, सेकंदाला १५०. जागा २ टीबीच राहिली, वेळ पाऊण तासावर आला. रविवारी आधी पूर्ण बॅकअप घेतला, तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून पाहिला, मगच हात लावला. कारण कोणतंही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून टेबल डिलीट झालं तर ते दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानदारीने डिलीट होतं!

कोणी म्हणेल, "आता एसएसडी स्वस्त झाल्यात, हे पुराण कशाला?" एसएसडीत फिरणारं काही नाही, ती हजारो कामं सहज करते, हे मान्य. मीही आज काकांना दुसरंच कोटेशन घ्यायला सांगेन. पण प्रश्न संपत नाहीत. 'कमिट झालं' म्हणजे डेटा खरोखर कायमचा लिहिला गेला पाहिजे. बऱ्याच स्वस्त एसएसडींमध्ये लाइट गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर नसतात. आपल्या खानदेशात लाइट जाणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. क्लाउड घेतलं तरी सुटका नाही. ॲमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या डिस्कला एका जीबीमागे सेकंदाला ३ कामं एवढाच मूळ वेग मिळतो, म्हणजे १०० जीबीला ३००. जीपी३ मध्ये साइझ कितीही असो, सुरुवातच ३००० पासून. जीबी बघून निवडणारा तिथेही फसणार.

मोठ्या लोकांचंही स्टोरेजवर अडतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं ट्रेडिंग सकाळी ११:४० ला थांबवावं लागलं, ते दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झालं. दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक अस्थिर झाल्या आणि त्यातून मुख्य जागेवरची सॅन स्टोरेज सिस्टिम सर्व्हरना प्रतिसाद देईना, असं एक्स्चेंजनेच नंतर सांगितलं. रिस्क मॅनेजमेंट बंद, म्हणून सगळंच बंद. तिथे पैसा कमी नव्हता, डिस्कही कमी नव्हत्या. म्हणून मला वाटतं, स्टोरेज निवडताना दोन प्रश्न विचारावेत. रोजच्या कामात सेकंदाला किती वाचायचं-लिहायचं आहे? आणि यातला एक भाग बंद पडला तर बाकीचे काय करतील? जीबीचा नंबर त्यानंतर.

आता थोडं आपल्याबद्दल. डीबीएमएसच्या पेपरला आपण नॉर्मल फॉर्म घोकतो, एसक्यूएल लिहितो. पण आपली क्वेरी शेवटी एका फिरत्या तबकडीवर किंवा चिपवर जाऊन थांबते, हे कोणी दाखवत नाही. सरांना आणि मॅडमना माझी नम्र विनंती आहे, एक प्रॅक्टिकल वाढवा. लॅबमधल्या भंगारात काढलेल्या चार डिस्क घ्या, रेड ५ करा, एक लाख रो इन्सर्ट करून वेळ मोजा. मग रेड १० करा, पुन्हा मोजा. मग लॉग फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवून मोजा, कारण लॉग सलग लिहिला जातो आणि त्याच्या हेडला मध्येच कोणी पळवलं नाही तर तो सुसाट जातो. मग प्रत्येक रोनंतर कमिट न करता हजार रोंनंतर करून बघा. एका दुपारी जे कळेल ते माझ्यासारखं मार्चएंडच्या रात्री कळायला नको.

इंजिनिअर म्हणून लोक आपल्याला विचारतात, आणि आपण सांगतो त्यावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतात. पाठ केलेलं उत्तर देणं सोपं असतं, पण मॅनेजरसमोर मान खाली घालायची वेळ दुसऱ्यावर येते. काकांनी मला परवा पुन्हा फोन केला होता, यूपीएस कोणता घेऊ म्हणून. या वेळी मी आधी विचारलं, "काका, लोड किती आहे?"

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी