विष तमिळनाडूचे, दंश वऱ्हाडातला

धामणगाव रेल्वेच्या परिसरात कपाशीचे निंदण सुरू झाले, की सर्पदंशाचे रुग्ण वाढू लागतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

विषबाधेवर खात्रीचे औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. सापाचे विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. मुंबईचे हाफकिन महामंडळ आणि काही खासगी कंपन्या ते बनवतात. मात्र देशभर त्यासाठी लागणारे बहुतांश विष तमिळनाडूतील इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे, की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि काही ठिकाणच्या विषावर हे प्रतिविष कमी पडते.

उणीव कळली, तरी कुपी का बदलत नाही? साप संरक्षित असल्याने विष काढायला वन विभागाची परवानगी लागते. सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराला प्राधान्य असते. मग गरीब रुग्णाच्या औषधावर नवा खर्च कंपनीने कशासाठी करावा? संशोधक, कारखाना आणि सरकार आपापल्या जागी काम करतात. त्यांना जोडणारा धागा नाही.

तो धागा ग्रामीण रुग्णालयातून निघू शकतो. कोणता साप, किती कुपी लागल्या, रुग्णाचे पुढे काय झाले, याची नोंद प्रत्येक दंशाची व्हावी. अमरावती विद्यापीठ आणि शेजारच्या सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय यांनी ती अभ्यासावी. वऱ्हाडातल्या सापांच्या विषावर तपासलेले प्रतिविष ठरलेल्या दराने विकत घेण्याची हमी सरकारने द्यावी.

याचा अर्थ आजचे प्रतिविष निरुपयोगी, असा मुळीच नाही. तेच जीव वाचवते, पण वेळेत मिळाले तर. दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे. साप पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये.

२०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. त्यासाठी शेतातल्या दंशाची माहिती प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला हवी.