शून्याची किंमत

कोपरीहून ठाणे स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये घुसायचं आणि दिवसभर ऑफिसात काय करायचं? चुका अडवायच्या! मेल जाण्याआधी आकडा सुधारला, भडकलेल्या क्लायंटला शांत केलं. अप्रेझलमध्ये याची नोंद? शून्य. प्रेझेंटेशन देणारा मात्र हीरो.

असं झालं की मला गोव्याचे ब्रह्मानंद संखवाळकर आठवतात. साळगावकर क्लबचे गोलकीपर, भारताचे कॅप्टन. १९८३-८४ मध्ये त्यांच्या कॅप्टनशिपखाली गोव्यानं संतोष ट्रॉफी जिंकली, तीही एकही गोल न खाता. गोलकीपरच्या खात्यात शून्य म्हणजे पैकीच्या पैकी मार्क! खेळणं थांबलं तरी मैदान सुटलं नाही; नव्या गोलकीपरना ते शिकवत राहिले. अर्जुन पुरस्कार मिळाला १९९७ मध्ये, पद्मश्री थेट २०२२ मध्ये. शाबासकीची गाडी इतकी लेट!

मग आपण काय, वाट बघत बसायचं? अजिबात नाही. पुढच्या अप्रेझलला ‘न झालेल्या’ चुकांची यादी घेऊनच जा. आणि हो, शेजारच्या डेस्कवरही एक गोलकीपर बसलेला असतो. त्याला थँक्स आजच म्हणा. त्याची गाडी तरी वेळेवर येऊ दे!