समुपदेशकच घाबरला तर?

कॉलेजमध्ये 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी असलेली खोली पाहिली असेलच. परीक्षेचं टेन्शन, करिअरचा गोंधळ, फार तर ब्रेकअप, एवढ्यासाठीच ती आहे असं आपण धरून चालतो. पण समजा, आंबिवलीहून लोकलने कल्याणला येणारा एखादा मुलगा तिथे जाऊन म्हणाला, ''मला जगावंसंच वाटत नाही,'' तर?

अनेकदा समोरचा माणूसच गडबडतो. ''असं बोलू नये रे'', ''आईबाबांचा विचार कर'' आणि लगेच ''मोठ्या डॉक्टरांकडे जा''. मोठे डॉक्टर कुठे? ठाण्याला. म्हणजे आधीच खचलेल्या मुलाने गर्दीतून एकट्याने जायचं आणि अनोळखी माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. पुढे पाठवणं चूक नाही, मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. चूक आहे ती हात झटकून पाठवण्यात.

एनसीआरबीच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शिक्षक-कर्मचाऱ्यांनाही वर्षातून दोनदा तज्ज्ञांकडून प्रशिक्षण हवं. उत्तमच. पण त्या तज्ज्ञाचा स्वतःचा सराव किती, हे कोण विचारणार?

कारण हे काम पुस्तक वाचून येत नाही. ''आत्महत्येचा विचार येतो का?'' असं थेट विचारलं की तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. तरी ऐन वेळी जीभ रेटत नाही. त्यासाठी सहकाऱ्याला रुग्ण बनवून, पुन्हा पुन्हा तो प्रश्न तोंडातून काढायचा सराव लागतो. मग येतो 'सेफ्टी प्लॅन'. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही पद्धत साधी आहे: विचार बळावतोय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, आसपासचा धोका कसा दूर ठेवायचा, हे रुग्णासोबत बसून त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'मी काही करणार नाही' असं वचन लिहून घेणं ही वेगळी गोष्ट. त्याने फार तर समुपदेशकाला झोप लागते!

दुसरी भीती पोलिसांची. खरं तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतं आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं. प्रशिक्षणात हेही शिकवायला हवं. आणि समुपदेशकाला स्वतःचं ओझं उतरवायला एखादा अनुभवी वरिष्ठ हवा. एकट्याने कुणी किती दिवस हे ऐकून घेईल?

दोस्तांनो, मानसशास्त्र शिकत असाल तर विभागप्रमुखांकडे असा सराव मागून घ्या. बाकीच्यांनी विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत प्राचार्यांना विचारा, की आपल्या समुपदेशकांना हे प्रशिक्षण मिळालंय का, नसेल तर कधी मिळणार? उत्तर येईपर्यंत एक नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा: १४४१६, टेलिमानस. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.