मृतांचा वाली कोण?

छावण्यांच्या हद्दीतील नागरी वस्त्या शेजारच्या नगरसंस्थांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने अंगीकारले आणि एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून त्याचा आरंभ झाला. पुणे व खडकी या छावण्यांचा विचारही त्याच ओघात पुढे आला. रस्ते, पाणी, शाळा, रुग्णालये व नोकरवर्ग यांची वाटणी कशी व्हावी, यावर या निमित्ताने पुष्कळ खल झाला आहे. परंतु ब्रिटिश अमदानीत जेथे छावणी वसली, तेथे चर्च उभे राहिले आणि दफनभूमीही आखली गेली. यांपैकी ज्या दफनभूमी भरून बंद झाल्या त्यांची, आणि गावोगावच्या युद्धस्मारकांची देखभाल यापुढे कोणी करावयाची? मृतांना मत नसते व ते कर भरीत नाहीत. म्हणून त्यांचा प्रश्न कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर आपण होऊन येत नाही. तो आज आम्ही नागरिकांपुढे मांडीत आहो.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव पाहण्याजोगा आहे. कॉलऱ्याच्या साथींनंतर १८५२ व १८५३ च्या कायद्यांनी तेथील शहरांतील दाटलेल्या चर्चभोवतालच्या दफनभूमी बंद होऊ लागल्या. पुरणे थांबले, तरी भिंती ढासळावयाच्या थांबल्या नाहीत. १९७२ च्या स्थानिक राज्यकारभार कायद्याच्या २१५ व्या कलमाने यावर सरळ तोड काढली आहे. अधिकृत आदेशाने बंद झालेली दफनभूमी सुस्थितीत ठेवण्याचे व तिच्या भिंती-कुंपणे दुरुस्त राखण्याचे काम प्रथम चर्चच्या स्थानिक समितीचे. तिला ते झेपेनासे झाले, तर ती पॅरिश कौन्सिलला, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला, लेखी विनंती करते. तीन महिन्यांनी जबाबदारी त्या संस्थेवर येते. तिला ती नको असेल, तर त्याच मुदतीत ती वरच्या जिल्हा कौन्सिलकडे सोपविता येते. जमीन चर्चचीच राहते. देखभालीचा भार तेवढा सरकतो. तो कोणाच्याही माथी आला, तरी बेवारस राहत नाही, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

त्याच देशात युद्धस्मारकांची कथा मात्र निराळी आहे. १९२३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना स्मारकांच्या देखभालीसाठी खर्च करण्याचा अधिकार दिला. कर्तव्य लादले नाही. ज्यास इच्छा असेल त्याने करावे, नसेल त्याने करू नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ होतो. अधिकार हा पैशाच्या टंचाईत पहिल्याने विसरला जातो. कर्तव्य विसरता येत नाही.

आता आपल्या घरात पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याने मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची व्यवस्था पालिकांच्या आवश्यक कर्तव्यांत घातली आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील अठरा विषयांतही दफनभूमी व स्मशाने यांचा स्पष्ट उल्लेख आहे, युद्धस्मारकांचा नाही. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत तर त्यांस ‘सामुदायिक मालमत्तेची देखभाल’ या सर्वसमावेशक शब्दांच्या आडोशालाच उभे राहावे लागते. शिवाय जी दफनभूमी एखाद्या विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आहे व जिचे विश्वस्त थकले आहेत, तिचा भार कोणत्या मुदतीत कोणाकडे जावा, याची इंग्लंडसारखी सुस्पष्ट वाट आपण घालून घेतली पाहिजे.

ही वाट नसली म्हणजे काय होते, याचा दाखला आमच्या उंबरठ्यावर खडकी येथेच आहे. तेथील युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिकांच्या समाधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नमुनेदार राखल्या आहेत. परंतु त्याच आवारात पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेले एक स्मारक आहे. या सैनिकांचे देह तेथे नाहीत. ते भारत व पाकिस्तानातील अनेक दफनभूमींत विखुरले आहेत. तेथे त्यांच्या समाधींची नीट निगा राखणे शक्य उरले नाही, म्हणून नावे तेवढी खडकीस आली. मूळ जागी वाली उरला नाही, याचीच ही दगडात कोरलेली कबुली आहे.

परक्या राज्यकर्त्यांची थडगी आम्ही का राखावी, असे कोणी विचारील. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांचा गौरव करा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मृतांची विटंबना होऊ न देणे हा आपल्या संस्कृतीचा धर्म आहे. त्यात स्वकीय-परकीय हा भेद बसत नाही. शिवाय हा प्रश्न केवळ परक्यांचा नाहीच. मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारकावर पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यास रणांगणी पडलेल्या गावकऱ्यांचा स्तंभ आहे. कोकणात व देशावर अनेक गावी, येथून इतके लोक महायुद्धास गेले व इतके परतले नाहीत, असे सांगणाऱ्या शिळा आहेत. ज्याच्या देहाला परमुलखात अग्नी मिळाला किंवा ज्याला समुद्राने गिळले, त्याची ती शिळा हीच एक खूण. तिच्यावर चुन्याचा हात फिरला अथवा जाहिरात चिकटली, की तो मनुष्य दुसऱ्यांदा मेला.

खर्चाची अडचण आम्हांस ठाऊक आहे. गटारे तुंबली असता थडग्यांवर पैसा घालावा काय, हा प्रश्न मतदारांपुढे टाळ्या घेणारा आहे. पण गवत काढणे, कलंडलेले दगड सावरणे, भिंतीतून उगवलेला पिंपळ वेळीच उपटणे, यांस मोठ्या योजना लागत नाहीत. आज न काढलेले रोपटे दहा वर्षांनी भिंत पाडते आणि मग उघड्या जागेवर अतिक्रमण होते. ते हटविण्याचा खर्च कितीतरी पट अधिक असतो. शिवाय दाट वस्तीत अशी आवारे जुन्या झाडांची शेवटची आश्रयस्थाने ठरतात.

तेव्हा आमची मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक पालिकेने व जिल्हा परिषदेने आपल्या हद्दीतील बंद दफनभूमी व स्मारके यांची नोंदवही करून ती लोकांस खुली ठेवावी. राज्य विधिमंडळाने देखभाल हस्तांतरित होण्याची मुदत कायद्यात घालावी आणि भाराबरोबर पैसाही सोपवावा. तसेच स्मारकांची निगा ऐच्छिक न ठेवता आवश्यक कर्तव्य करावी. आणि छावण्यांच्या विलीनीकरणाचा करार होईल, त्यात या जागांचा वारस नावानिशी लिहिला जावा. करारावर शाई वाळल्यानंतर प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवील. म्हणून आमच्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. ज्यांच्या वतीने तो विचारावयाचा, त्यांना स्वतः तो विचारता येत नाही.